अमेरिकेंतील स्वस्त रिव्हॉल्व्हर आणि आमचे शेतकरी बंधु

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें, पुतणे व भाचे आज अमेरिकेंत नोकरीधंद्यानिमित्त राहतात, आणि त्यांच्याकडून येणाऱ्या बातम्यांत मोटारी व घरें यांच्या जोडीला आतां एका निराळ्याच वस्तूचें वर्णन येऊं लागलें आहे. ती वस्तु म्हणजे अडीचशें डॉलरांच्या आंत मिळणारें, पॉइंट टू-टू काडतुसांचें, जुन्या धर्तीचें सहा बारांचें रिव्हॉल्व्हर. एका सभासदानें आम्हांस विचारलें आहे कीं, तेथील शेतकऱ्यास एवढ्या थोड्या पैशांत जें मिळतें तें आमच्याकडे डुकरांपासून पिकाची राखण करण्यास कां मिळूं नये, आणि संस्थेनें त्यासाठीं खटपट कां करूं नये. प्रश्न सरळ आहे, व त्याचें उत्तरही आम्ही आडपडदा न ठेवतां देऊं इच्छितों. त्या शस्त्राची ओढ खोटी नाहीं. ती ज्या कारणांनीं उत्पन्न होते तीं कारणें समजून घेण्यासारखीं आहेत. परंतु तीं राखणीचीं कारणें नव्हत, आणि येथेंच आमच्या बंधूंचा घोटाळा होतो.

हें शस्त्र चालतें कसें तें प्रथम सांगितलें पाहिजे, कारण त्याच्या गुणदोषांचें मूळ त्याच्या रचनेंतच आहे. अलीकडच्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांत चाप ओढला कीं घोडा आपोआप उचलला जाऊन पडतो. या जुन्या धर्तीच्या शस्त्रांत, ज्यास तिकडे 'सिंगल ॲक्शन' म्हणतात, चापाचें काम एकच : चढवलेला घोडा सोडणें. घोडा दर वेळीं अंगठ्यानें मागें ओढून चढवावा लागतो, आणि तो चढतांना काडतुसांचा गोल एक घर पुढें सरकतो. सहा बार काढावयाचे तर सहा वेळां अंगठा चालवावा लागतो. भरण्याची तऱ्हाही तितकीच संथ. बाजूचें लहानसें दार उघडून एकेका घरांत एकेक काडतूस घालावयाचें, आणि बार झाल्यावर नळीखालची सळई दाबून रिकाम्या पुंगळ्या एकेक करून बाहेर ढकलावयाच्या. काडतुसांतही एक विशेष आहे. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाशीं मध्यभागीं न ठेवतां सभोंवतालच्या कडेंत भरलेला असतो, व घोड्याचा आघात त्या कडेवर होतो. अशी पुंगळी पुन्हां भरतां येत नाहीं; पण ती बनविण्यास खर्च थोडा, आणि तिचें सगळें स्वस्तपण यांतूनच आलेलें आहे.

कडेवर पेटणारें काडतूस कांहीं कालचें नव्हे. स्मिथ अँड वेसन कंपनीनें १८५७ सालीं आपलें पहिलें रिव्हॉल्व्हर काढलें तें याच जातीच्या आंखूड काडतुसाचें होतें, आणि आज जगभर खपणारें 'लाँग रायफल' नांवाचें काडतूस १८८७ पासून प्रचारांत आहे. शस्त्राची ठेवण मात्र कोल्ट कंपनीच्या १८७३ च्या लष्करी नमुन्यावरून उतरलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कोल्टनें तो नमुना काढणें थांबविलें, आणि नेमक्या त्याच पुढल्या वर्षांत अमेरिकेंत पडद्यावर व घरोघरच्या दूरचित्रवाणीवर गुराख्यांच्या कथांना ऊत आला. लोकांस तें शस्त्र हवें होतें आणि बाजारांत तें नव्हतें. कनेक्टिकट संस्थानांत १९४९ सालीं निघालेल्या स्टर्म-रूगर या लहानशा कंपनीनें ही संधि ओळखिली व १९५३ सालीं 'सिंगल-सिक्स' या नांवानें पॉइंट टू-टूचें रिव्हॉल्व्हर बाजारांत आणलें. तिनें नुसती नक्कल केली नाहीं. जुन्या नमुन्यांतल्या चपट्या कमानी वरचेवर तुटत. त्यांच्या जागीं तिनें वेटोळ्याच्या स्प्रिंगा बसविल्या. सांगाडा धातूच्या ठोकळ्यांतून कोरून काढण्याऐवजीं तो बेताच्या आकारांत ओतून घेण्याची रीतही तिनें धरली. कोल्टनें आपला जुना नमुना १९५६ सालीं पुन्हां सुरू केला, तोंवर रूगरचें नांव शेतमळ्यांपर्यंत पोंचलें होतें.

पुढें कालांतरानें सिंगल-सिक्सही महाग झालें, जसें प्रत्येक चांगलें अवजार होतें. मधल्या काळांत हेरिटेज नांवाच्या कंपनीनें 'रफ रायडर' हें त्याहून पुष्कळ स्वस्त रिव्हॉल्व्हर काढलें आणि तें दोनशें डॉलरांच्या आंतबाहेर विकून मोठा खप मिळविला. तें पाहून रूगर कंपनीनें २०१९ सालीं 'रँग्लर' बाजारांत आणलें. त्याची छापील किंमत तेव्हां २४९ डॉलर होती, म्हणजे आजच्या भावानें वीस हजार रुपयांच्या वर. आमच्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यानें २०१४ सालीं काढलेल्या 'निर्भीक' या पॉइंट थ्री-टू रिव्हॉल्व्हरची किंमत त्या वेळीं सुमारें सव्वा लाख रुपये होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे सभासदाच्या प्रश्नामागील आश्चर्य आम्हांसही कळूं शकतें.

एवढें स्वस्त कसें झालें, हा भाग आम्हांस सर्वांत अधिक बोधप्रद वाटतो. रँग्लरचा सांगाडा पोलादाचा नसून ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचा आहे. मुठीचा सांगाडा जस्ताच्या मिश्र धातूचा ओतीव आहे. पोलादास निळी झिलई आणून तें चकचकीत करण्याचा खटाटोप नाहीं. वर चिनी मातीच्या जातीचा टिकाऊ रंग चढविला कीं काम संपलें. मागचा नेम म्हणजे सांगाड्याच्या माथ्यावर पाडलेली एक खांचणी. ती हलत नाहीं, म्हणून बिघडतही नाहीं. परंतु नळी पोलादाची आहे आणि ती घणाखालीं घडविलेली आहे. तसेंच अपघात टाळणारी जी आडपट्टी महागड्या नमुन्यांत असते तीच या स्वस्तांतही बसविली आहे. याचा अर्थ असा कीं, कारखानदारानें देखाव्यांत काटकसर केली, कामाच्या जागीं केली नाहीं. नांगराच्या दांड्यास रंग नसला तर नांगरट कांहीं वाईट होत नाहीं. फाळ मात्र पोलादाचाच हवा. आमच्या बाजारांत याच्या उलट प्रकार किती वेळां दिसतो हें फवारणीचे पंप विकत घेणाऱ्या बंधूंस आम्हीं सांगावयास नको. टांकी लालभडक, पट्टे मऊ, आणि आंतलें पितळी नळकांडें एका हंगामांत झिजून गेलेलें! स्वस्त वस्तु घेतांना कोणती बचत कोठें केली आहे हें विचारण्याची संवय आम्हां शेतकऱ्यांस लागेल तर पुष्कळ पैसा वांचेल.

आतां ओढीचें कारण पाहूं. अमेरिकन शेतकरी हें शस्त्र घेतो तें मुख्यतः काडतूस स्वस्त म्हणून. पन्नास काडतुसांची पेटी थोड्या डॉलरांत मिळते. त्याच धर्तीच्या पंचेचाळीस बोराच्या एका काडतुसाच्या किंमतींत यांचीं निदान सहा तरी येतात. (ही सोयही कायमची धरून चालूं नये, २०१३ च्या सुमारास तेथील दुकानांतून हींच काडतुसें दिसेनाशीं झालीं होतीं.) शिवाय याचा धक्का जवळजवळ नाहीं. रिकामें रँग्लर साडेआठशें ग्रॅमांच्या घरांत भरतें, आणि गोळी असते सुमारें अडीच ग्रॅमांची. त्यामुळें बार होतो तेव्हां हात उसळत नाहीं, डोळा मिटत नाहीं, आणि नवशिक्याच्या मनांत भीति बसत नाहीं. तिसरें कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें, तें म्हणजे त्याचें संथपण. दर बारास घोडा चढविणें, दर काडतुसास दार उघडून हातानें भरणें, यामुळें शिकणाऱ्यास घाई करतांच येत नाहीं. बाप मुलाच्या शेजारीं उभा राहतो, सहांपैकीं एकाच घरांत काडतूस घालतो, आणि मुलाच्या हातांत देतो. काय चुकलें तें सांगण्यास दोन बारांच्या मध्यें वेळ मिळतो. जो दोष म्हणून सांगितला जातो तोच येथें गुरुजीचें काम करितो. तेथील १९९४ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलास पिस्तूल बाळगण्यास मनाई आहे. परंतु शेतीचें काम, नेमबाजीचा सराव व शिक्षण यांसाठीं आईबापांच्या लेखी संमतीनें ठराविक अटींवर मुभा ठेवली आहे. त्या मुभेमागें शेतमळ्यांवरील हीच रीत उभी आहे.

कुंपणाची फेरी करतांना कमरेस अडकविलें असलें म्हणजे साप, उंदीर वा घूस यांवर तें उपयोगी पडतें, असेंही तेथील शेतकरी सांगतात. बारीक छऱ्यांचें काडतूसही त्यासाठीं मिळतें. हें कारण आम्हांस फारसें पटत नाहीं. निदान आमच्या रानांत धामण मारणारा शेतकरी आपल्याच कणगीच्या राखणदारास मारीत असतो, आणि नाग व धामण यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे तें निराळेंच.

येथवर आम्ही त्या शस्त्राच्या बाजूनें बोललों. परंतु सभासदाचा प्रश्न रानडुकराचा आहे, आणि तेथें आमचें उत्तर स्पष्ट नकाराचें आहे. अडीच ग्रॅमांची शिशाची गोळी, चार-साडेचार इंचांच्या नळीतून सुटलेली, चिखलानें माखलेल्या जाड कातड्याच्या पूर्ण वाढलेल्या डुकरास जागीं पाडूं शकत नाहीं. बारा बोरच्या बंदुकीची एक सबंध गोळी अठ्ठावीस ग्रॅमांच्या आसपास भरते. यावरून तुलना करावी. जखमी डुक्कर उसांत शिरलें म्हणजे दुसऱ्या दिवशीं पाणी द्यावयास जाणाऱ्या गड्याची काय अवस्था होईल, हें ज्यांनीं एकदां पाहिलें आहे ते असा प्रयोग करणार नाहींत. डुकरास मारण्यास ही गोळी अपुरी, पण माणसास मारण्यास पुरेशी, आणि दूरवर पुरेशी. या काडतुसांच्या पेट्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली असते. दीड मैल म्हणजे सुमारें अडीच किलोमीटर. अमेरिकेंतील मळा कित्येकशें एकरांचा असतो; आमच्याकडे अडीच किलोमीटरांत तीन वस्त्या, एक शाळा आणि शंभर जणांचीं शेतें येतात. काळोखांत, बांधावर उभें राहून, खसखसणाऱ्या ज्वारीच्या रोखानें सोडलेली गोळी कोणाच्या खळ्यांत जाऊन पडेल हें कोणी सांगावें?

स्वसंरक्षणासाठीं तरी? तेंही नाहीं. कडेवर पेटणारें काडतूस मधोमध पेटणाऱ्या काडतुसापेक्षां अधिक वेळां फुकट जातें, आणि जें शस्त्र भरण्यास मिनिट लागतें तें दरोड्याच्या वेळीं काय कामाचें! ज्या गुणामुळें तें शिकविण्यास उत्तम, त्याच गुणामुळें तें संकटांत निकामी.

स्वस्तपणाची आणखी एक बाजू आहे, आणि ती लिहितांना आमचा हात जड होतो. अमेरिकेंत २०२१ सालीं बंदुकीच्या गोळीनें ४८,८३० माणसें मरण पावलीं. पैकीं २६,३२८ जणांनीं स्वतःच आपला जीव घेतला होता. म्हणजे निम्म्याहून अधिक मरणें चोर-दरोडेखोरांच्या हातून झालेलीं नव्हत. कर्ज, नापिकी व कोर्टकज्जे यांनीं घेरलेल्या घरांत मनुष्याच्या मनांत काय काय येऊन जातें हें महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांस कोणीं परक्यानें सांगावयास नको. विषारी औषधाचा डबा कुलुपांत ठेवा म्हणून आम्हीं याच पानांतून अनेकदां विनविलें आहे. अशी वेळ बहुधा थोडीच टिकते. शेजारी येऊन बसला, कोणी पोटाशीं धरलें, कीं ती टळते. अशा वेळीं हाताशीं काय आहे यावर सर्व अवलंबून असतें. अमेरिकेंतील आमच्या मुलांस आमचें सांगणें इतकेंच कीं, अडीचशें डॉलरांच्या हिशेबांत पोलादी कुलूपपेटीची किंमत पहिल्या दिवसापासून धरावी. काडतुसें निराळ्या कुलुपांत ठेवावीं. आणि घरांत कोणी खचलेलें असेल तर शस्त्र त्या काळापुरतें घराबाहेर हलवावें. एवढा खर्च व एवढी दक्षता परवडत नसेल त्यास तें रिव्हॉल्व्हर स्वस्त पडलें असें आम्ही म्हणणार नाहीं.

आतां कायद्याविषयीं. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठीं तोंडानें भरण्याच्या बंदुकीचा, आणि संरक्षण वा शिकार-खेळासाठीं किमान वीस इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा, निराळा उल्लेख करून परवान्याची वाट थोडी सोपी केलेली आहे. रिव्हॉल्व्हरसाठीं मात्र सबळ कारण दाखवून अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. कायदा करणारांनीं शेतकऱ्याच्या हातीं कोणतें हत्यार शोभतें याचा विचार केला होता, असें यावरून दिसतें, आणि या एका बाबतींत आम्ही त्यांच्याशीं सहमत आहों. परवाना मिळाला तरी डुक्कर मारण्याची मुभा त्यांत येत नाहीं. १९७२ च्या कायद्याप्रमाणें उभ्या पिकाची हानि करणाऱ्या जनावराविषयीं वनखात्याच्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. तो मिळण्यास जो विलंब लागतो त्याबद्दल आमची तक्रार जुनीच आहे व ती आम्ही सोडणार नाहीं. संस्थेनें खटपट करावयाची तर ती या हुकुमासाठीं, नुकसानभरपाईसाठीं आणि सामाईक कुंपणासाठीं करावी. आणि एक सक्त सूचना : परदेशांतील भाच्यानें भेट म्हणून असलें शस्त्र किंवा त्याचीं चार काडतुसें सामानांत टाकून आणावीं, असा विचारही कोणी करूं नये. विमानतळावर तो भाचा बेड्यांत दिसेल.

ज्या गुणासाठीं आम्हीं या शस्त्राची स्तुति केली तो गुण, म्हणजे थोड्या खर्चांत शांतपणें नेम शिकणें, आमच्या मुलांस येथेंही मिळूं शकतो, आणि तोही याच काडतुसावर. राष्ट्रीय छात्र सेनेंतील मुलें-मुली पॉइंट टू-टू रायफलीवर नेम शिकतात. तालुक्याच्या कॉलेजांत तुकडी असेल तर मुलास तींत घालण्यास एक पैचा खर्च नाहीं. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर रायफलींत जें कांस्यपदक मिळविलें तें याच कडेवर पेटणाऱ्या काडतुसावर. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत पंचवीस मीटर पिस्तुलांत सुवर्णपदक जिंकलें तेंही याच काडतुसावर. खेड्यांतल्या मुलाचा हात आणि डोळा कमी नाहीं. त्यास सराव व शिस्त लावणारा मनुष्य मात्र हवा.

शेवटीं अमेरिकेंतील वाचकांसाठीं एक अगदीं व्यवहाराची गोष्ट. स्वस्ताच्या शोधांत पुष्कळ जण नवें रँग्लर न घेतां कोणाच्या आजोबांचें जुनें सिंगल-सिक्स विकत घेतात. या जुन्या नमुन्यांत, कोल्टच्या मूळ नमुन्याप्रमाणेंच, घोडा खालीं उतरलेला असला म्हणजे तो भरलेल्या काडतुसावर टेकून राहतो. शस्त्र हातून दगडावर पडलें तर चापास बोट न लागतांही बार होऊं शकतो. म्हणूनच जुने लोक सहा घरांत पांचच काडतुसें भरीत व घोडा रिकाम्या घरावर उतरवून ठेवीत. कंपनीनें १९७३ पासून आडपट्टीची रचना केली. चाप ओढलेला असेल तरच ती पट्टी घोडा व सुई यांच्यामध्यें येते, एरवीं घोड्याचा आघात सुईपर्यंत पोंचत नाहीं. ओळखण्याची खूण सोपी आहे. सांगाड्याच्या बाजूस तीन स्क्रू दिसले तर तें शस्त्र जुनें. स्क्रूंच्या जागीं दोन खिळे असतील तर नवें. तीन स्क्रू दिसल्यास पांचांवर सहावें काडतूस घालूं नये, आणि कंपनीस लिहून तें शस्त्र तिच्याकडे पाठवावें. आडपट्टीची दुरुस्ती ती फुकट करून देते व काढलेले जुने भागही मालकास परत पाठविते.